वाढत्या अंगाचे फ्रॉक

"कॅमेरा बिघडलाय!" म्हणत तिने तो काउंटरवर आदळलाच असता, पण दुरुस्तीवाल्याने खाली चटकन तळहात धरला.

"अजून नाही बिघडला," तो म्हणाला. "आत्ता बिघडला असता."

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ बसून ती लहान मुलींचे फ्रॉक शिवायची आणि फोटो दाखवून विकायची. पण हल्ली प्रत्येक फोटोत गळा लख्ख, घेर मात्र धुक्यात! त्याने ते फोटो पाहिले, गालातल्या गालात हसला आणि लेन्स तिच्या डोळ्यांपुढे धरली. आतल्या पात्या सरकल्या... भोक मिटत मिटत मोहरीएवढं झालं.

"हे ऍपर्चर. तुम्ही ते सताड उघडं ठेवता. मग एकच जागा रेखीव येते, बाकीचं विरघळतं. आकडा अकरावर न्या, भोक लहान होईल. अख्खा फ्रॉक स्पष्ट दिसेल."

"आकडा मोठा नि भोक लहान? हा काय उफराटा कारभार!"

"आहे खरा. शिवाय उजेड कमी शिरतो. म्हणून खिडकीशी बसायचं, हात हलू द्यायचा नाही."

"आणि हललाच तर?"

"तर... परत यायचं."

हात बराच हलत असावा, कारण ती येतच राहिली. एकदा त्याने आकडा दोनवर आणून दुकानाच्या दारात तिचाच फोटो काढला. मागची रहदारी, पाट्या, सगळं रंगांचे ठिपके झालेलं. स्पष्ट होते फक्त तिचे डोळे आणि केसांत अडकलेला दोरा.

"मागचं सगळं गेलं कुठे?"

"तुम्ही समोर असताना दिसतंय कुणाला?"

ती लाजून चूर झाली. घरी परतताना दोनदा रस्ता चुकली.

मग दूरच्या शहरात राहणारा त्याचा थोरला भाऊ आजारपणात वारला. दुकान बरेच दिवस बंद राहिलं; भावामागे दोन लहान पोरी राहिल्याचं तिला शेजारच्या दुकानात कळलं. उघडलं तेव्हा तो खोकी बांधत होता.

"वहिनीची रात्रपाळी असते... पोरी लहान आहेत. जाण्याआधी दादाने हात धरून विचारलं, सांभाळशील ना त्यांना? नाही म्हणवेना."

"म्हणायचंही नव्हतं." ती म्हणाली. "त्या फोटोत मागचं पुसलंच गेलंय, असं वाटलं होतं मला."

"पुसलं जात नाही. माणसं तिथेच असतात. फक्त धूसर होतात."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला.

"मला बरोबर यायचं विचारलं असतंत," ती हळूच म्हणाली, "तर मी हो म्हटलं असतं."

"ठाऊक होतं... म्हणूनच नाही विचारलं. बाबांना टाकून आली असतीस तू?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता तो. तिने मान खाली घातली आणि पिशवीतून दोन फ्रॉक काढून त्याच्या हातात ठेवले.

"पुतण्यांना."

त्याने एक उलगडून पाहिला. "मोठे होतील गं त्यांना."

"वाढत्या अंगाचे शिवलेत." तिने दुमडलेली खालची शिवण त्याला दाखवली. "ही उसवत गेलात की पुरतील... काही वर्षं."