गार घरातला घाम

"भिंतीले हात लावाल तं खबरदार!" मी दारातूनच ओरडले.

स्टुलावरचा तो दचकला. हातातलं ड्रिल मशीन सावरत त्यानं वळून पाहिलं... आणि माझं मेलं लक्ष आधी त्याच्या डोळ्यांकडेच गेलं. राग आला तो त्याचाच जास्त.

"काऊन हो मॅडम? भिंत तुमची हाये का?"

"हाव, माहीच!"

खरं तर घर वडनेरच्या इंद्रभानकाकांचं. पण आर्किटेक्ट झाल्यावर मी बांधलेलं ते पहिलं घर. मधे पोकळी ठेवलेल्या विटांच्या भिंती, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, गरम हवा निघून जायला वर झरोके. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असली, तरी आत साधा पंखा पुरायचा. कोळसा जाळून येणारी वीज कमी वापरली की धूरही कमी, हे काकांना पटवता पटवता माझा घसा बसला होता. नांदुऱ्यातले दोघंजण हे घर बघूनच मला काम देणार होते. आणि हा इथे एसी टांगायला निघालेला! एकदा ते खोकं भिंतीवर दिसलं की संपलंच. लोक म्हणणार, 'पाहा, त्या रेणुकाच्या घरातबी एसी लावाच लागला.'

मी काकांकडे वळले. "काका, गरम होते का तुमाले?"

"नाही वं बाई. पण पोराचं, राजकुमारचं लगन हाये. एसी नाही दिसला तं पाहुणे म्हणतीन, इंद्रभानचा हात आखडला."

मी हट्टालाच पेटले. "या एसीवाल्यालेच बसवा इथं. चहा येईपर्यंत घाम आला, तं खुशाल भोक पाडा!"

"मंजूर," तो हसला. "मी चंद्रशेखर. हरल्यावर नाव इचाराल, म्हणून आधीच सांगतो."

आगाऊ कुठला!

रुखमाकाकू चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही समोरासमोर बसलो.

"सगळेच असे घरं बांधाले लागले, तं माह्या दुकानाचं काय?"

"दुसरं काही विका."

"काय विकू? रोज येऊन इचारत जाईन तुमाले..."

मी उगाच ओढणी नीट केली. त्यानं पाहिलं. त्यानं पाहिलेलं मी पाहिलं.

काकू चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. "माय वं! हे पोट्टं तं घामानं निथळून राह्यलं!"

खरंच — कपाळ, मान, कॉलर, सगळं ओलं. गेलं माझं घर!

"पाड बे भोक," काका म्हणाले.

त्यानं ड्रिल उचललं... आणि परत खाली ठेवलं. "काका, हा घाम गरमीचा नाही."

"मंग? ताप हाये का तुले?"

"नाही..." मघाचा आगाऊपणा कुठल्या कुठे पळाला होता. "घर लय गार हाये. पण ह्या समोर बसल्या नं, तं मले काही सुधरूनच नाही राह्यलं. आवडल्या मले."

अगं बाई! सगळ्यांसमोर! माझे कान तापले. काकू वाकून बघत म्हणाल्या, "अवो, हिलेबी घाम फुटला!"

"दोघायलेबी?" काका घाबरले. "मंग तं एसी लावाच लागते!"

"चूप बसा हो तुमी!" काकूंनी एसीचं खोकं स्वतःच दाराबाहेर ढकललं. "पोराचं लगन करून राह्यले, अन् येवढं समजत नाही? पाहुण्यायले सांगा, आमचं घर असंच गार असते."

भिंत वाचली. चंद्रशेखर मात्र मान खाली घालून उभाच. मी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

"उद्या नांदुऱ्याले नवी जागा पाहाले चालली मी. तुमीबी या."

"मी काऊन?"

"तुमीबी मले आवडले, म्हणून."

अर्धा चहा त्याच्या शर्टावर सांडला.

"उद्या काहाले?" तो म्हणाला. "आताच चला नं!"