कासवाची पाठ

"टाकाऊ काही आहे का तुमच्याकडे?"

"माझ्याखेरीज?" दुकानातून आवाज आला.

तिला हसू फुटलं. शेजारचं हार्डवेअरचं दुकान बंद होतं म्हणून ती फ्रेमच्या या दुकानात शिरली होती, आणि घाईत काय विचारून बसली ते तिचं तिलाच नंतर कळलं.

"प्लायचे तुकडे म्हणतेय मी," ती म्हणाली. "नवीन मशीन घेतलंय... म्हणजे जुनंच, कुणाचं तरी. स्क्रोल सॉ, नक्षी कापायची बारीक करवत. आणि ते माझा जीव खातंय!"

तिने काड्यापेटी उघडून काउंटरवर उपडी केली. केसाइतक्या बारीक, मोडलेल्या पात्यांचा ढीग पडला. फ्रेमवाल्याने त्यातलं एक चिमटीत धरून उजेडात नेलं. मग तिच्या नखावरची चिकटपट्टी बघितली.

"पातं उलटं लावताय तुम्ही. दात खाली हवेत. वर असले की लाकूड उचलून आपटतं आणि मध्ये बोट सापडतं."

"एवढं सगळं माझ्या नखावरून कळलं?"

"दुपारी गिऱ्हाइकं कमी असतात," तो म्हणाला. "बघायला वेळ असतो."

गल्लीत त्याला 'काटकोन' म्हणत. चहा प्यायला गेला तरी तिथलं कॅलेंडर सरळ करून येणारा माणूस तो. ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त घ्यायची, म्हणून गल्लीसाठी ती 'सुईवाली'. पण हे लाकडाचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते बाबांमुळे. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज छोट्या वस्तू उचला, बसवा, बोटं हलती ठेवा. तीन दिवस मणी उचलल्यावर बाबा म्हणाले, "मी काय कोंबडी आहे दाणे टिपायला?" तेव्हा तिने ठरवलं की बाबांसाठी आपणच लाकडी कोडी करायची.

सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस मग आपोआप ठरून गेले. लॅब सुटली की ती दुकानात यायची, ओढणीवरचा भुसा झटकायची आणि नवी करामत काउंटरवर ठेवायची.

"हे काय आहे?"

"पान आहे! दिसत नाही?"

"दिसतंय की... देठ कुठला आणि टोक कुठलं, एवढंच विचारत होतो."

"तुम्ही ना, अगदी..."

"काय अगदी?"

"काही नाही. पुढचा तुकडा द्या."

तो तिच्यासाठी उरलेले तुकडे एका खोक्यात जपून ठेवायचा. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने जाडी, माप, तारीख. फ्रेमवाल्याचं लिहिणं सगळं पाठीवरच असतं, समोर फक्त चित्र. पहिले दोन-तीन तुकडे तिने उलटून वाचले. सगळे आकडे! मग तिने पाठी बघणं सोडून दिलं.

एकदा त्याने तिला आपला गुण्या दिला, काटकोन तपासायचा लोखंडी, जुना, हातात बसणारा. "पात्याशेजारी उभा धरायचा. टेबल जरा जरी कललं असेल तरी कळतं. कापायच्या आधी, रोज." तिने तो आनंदाने नेला आणि कोड्यांच्या नक्षीचे कागद उडू नयेत म्हणून वापरला.

तिला तो आवडत होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं ते एका दुपारी, कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधताना. त्या पेशंटने काहीतरी गमतीचं सांगितलं आणि तिच्या मनात आलं, हे गुरुवारी त्याला सांगायचं. आजकाल तिच्याकडे सगळं गुरुवारसाठीच साठत होतं.

आणि मग एका सोमवारी तो काच पुसता पुसता म्हणाला, "दादाने मोठ्या शहरात दुकान काढलंय. मला बोलावतोय."

"मग?"

"अजून हो म्हटलं नाही. शनिवारच्या आत सांगायचंय."

जाऊ नका. दोनच शब्द होते, ओठांवर येऊन थांबले. दिवसभरात वीस जणांना 'जरासंच दुखेल हं' म्हणून धीर देणारी ही मुलगी, पण स्वतःच्या वेळी पार घाबरली. "छान आहे की," ती म्हणाली, आणि लगेच आपल्याच जिभेचा राग राग केला.

काच बाजूला ठेवून तो आत गेला. मग आतून एक तुकडा घेऊन आला. गोरापान, एकही गाठ नसलेला.

"कासव करणार म्हणत होता ना? हा घ्या. पण... दोन्ही बाजू नीट बघून घ्या."

"बघते," ती म्हणाली. गाठीबिठीबद्दल बोलत असेल, असं तिला वाटलं. घरी जाऊन तिने चांगल्या बाजूवर कासवाचा कागद चिकटवला आणि मनातला सगळा उद्वेग करवतीवर काढला.

गुरुवारी तो दारातच उभा होता. याआधी कधी नसायचा.

"तो तुकडा... बघितलात?"

"बघितला म्हणजे? तुकडे तुकडे केले त्याचे! चांगले चौदा."

"चौदा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. "बरं. मग शनिवारी सकाळी टेम्पो बोलावतो."

ती घरी कशी आली तिलाच ठाऊक नाही. एवढ्या सहज? खिळ्यांचा भाव सांगावा तसं सांगून मोकळा झाला! त्या दिवशी तिने मशीनला हातही लावला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा चौकट मांडीवर घेऊन कासवाशी झटापट करत बसले होते.

"अगं, हे वरून बसतच नाही. चौकट उलटी करून मागून ढकललं की मात्र गुपचूप बसतं."

"टेबल कललेलं असणार." तिने सुस्कारा सोडला. "पात्याने तिरकं कापलं म्हणजे तुकडा एका बाजूने रुंद होतो. गुण्या लावायचा राहिला, बाबा."

"राहू दे. पण कासवाच्या पाठीवर हे काय लिहिलंय?"

"माप असेल."

"माप?" बाबांनी शेवटचा तुकडा अंगठ्याने हळूच दाबला. पूर्ण दाबला, मनगट न थरथरता. आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, "'दादाकडे जाऊ, की तुमच्यासाठी थांबू? शनिवारच्या आत सांगा.' हे कसलं गं माप?"

ती धावत आली. पेन्सिलीची ओळ चौदा तुकड्यांवरून वाकडीतिकडी चालली होती. आणि आपण काय सांगून आलो? तुकडे तुकडे केले. चांगले चौदा! तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडू येत होतं की हसू, तिलाच कळेना.

"मी काही वाचलेलं नाही," बाबा म्हणाले. "चष्मा नव्हता." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

शनिवारी सकाळी दुकानासमोर टेम्पो उभा होता. भिंतींवर फ्रेम काढल्याच्या फिकट चौकोनी खुणा. तो काचांच्या मध्ये वर्तमानपत्र सारत होता. तिने मुठीतून एक तुकडा काढून काउंटरवर पाठीवर... नाही, पोटावर ठेवला. पाठ वर.

त्यावर एकच शब्द आला होता. थांबू.

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. "बाकीचे तेरा?"

"बाबांकडे. 'जाऊ' लिहिलेला त्यांनी खिशात घातलाय. तो काही मिळायचा नाही." आज ती थांबली नाही. "मी पाठ बघितलीच नव्हती हो. काल कासव वरून बसेना म्हणून बाबांनी चौकट उलटी केली, तेव्हा बघितली. तुम्ही जाऊ नका. आधीच सांगायला हवं होतं... सोमवारीच."

तुकडा उचलून त्याने सवयीने एका डोळ्यासमोर धरला, कडेवरून अंगठा फिरवला. कड तिरकी होती. चांगलीच तिरकी.

"गुण्या लावला नव्हतात?"

"नाही," ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

"बरं केलंत," काटकोन म्हणाला. तुकडा शर्टाच्या खिशात ठेवून तो टेम्पोवाल्याला काचा परत आत आणायला सांगायला गेला.