दोष दस्त्याचा

रेंजवर माझा सलग तिसरा छर्रा आठच्या वर्तुळात गेला, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रायफलशी भांडण झालंय काय?"

मी वळले. उंच, सावळा, शर्टाच्या खिशात चक्क स्क्रूड्रायव्हर!

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय नाही. तुमच्या मानेची दया आली. खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड आहे, मान वाकते. मी गिरीश. कुकटपल्लीला माझं वर्कशॉप आहे, दस्ते बसवून देतो. तुम्ही?"

"केतकी," मी म्हणाले. सांगायची काही गरज नव्हती... पण सांगून बसले.

रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. यंदाही हुकली, तर रायफल विकून मुकाट्यानं बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं मी बाबांना कबूल केलं होतं. म्हणून सोमवारपासून रोज नल्लकुंट्याच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला.

वर्कशॉपमागच्या बोळात दहा मीटरवर टार्गेट होतं. लाकडी दस्ता घ्यायचा की त्याऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा, म्हणजे चेसिस, एवढंच ठरवायचं होतं.

"डोळे मिटून रायफल खांद्याला लावा," गिरीश म्हणाला. "गाल टेकवा. आता उघडा. मान न हलवता नेम समोर दिसला, तर दस्ता तुमचा."

दिसला की! दोन्हींत दिसला. पण तो मागे येऊन उभा राहिला, आणि लाकडीवर आठ, चेसिसवर सात.

त्यानं गालाखालची पट्टी दोन मिलिमीटर वर घेतली, मग खाली घेतली. लाकूड हातानं घासलं. चार दिवस बिचारा स्क्रू फिरवत होता आणि मी सात-आठ मारत होते.

शुक्रवारी तो चहा आणायला गेला. मी सहज लाकडी दस्ता उचलला. दहा. दहा. दहा! चेसिस घेतली, तरी दहा. नवा कागद लावून नेम धरला, तेवढ्यात चपलांचा आवाज आला... आणि सात.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण सरळ होतं, नाचताही येत होतं. फक्त बघणारा नको होता!

गिरीशनं ते सात पाहिले आणि पेले खाली ठेवले. तोंड एवढंसं झालं होतं. "नक्को. मला जमत नाही. अंबरपेठला एक उस्ताद आहेत, त्यांच्याकडे जा. माझ्यापायी तुमचा रविवार वाया नको."

गप्प बसले असते, तर निवडही गेली असती आणि हाही.

"दस्त्यात दोष नाही," मी म्हणाले.

"मग?"

"तुम्ही मागे उभे राहता ना... छाती धडधडते. रायफल हलते."

त्याचे कान लाल झाले. "हौ? मग आधी सांगायचं ना! चार दिवस परेशान केलंत मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कशाला बोलावलं असतं?"

तो हसला, मग एकदम घाबरला. "म्हणजे रविवारी मी येऊ नको?"

"या. पण गेटबाहेर थांबा. पाठ करून."

मी लाकडीच घेतला. त्यानं घासलेली जागा गालाला बरोबर लागत होती. खरं सांगू? चेसिसही तितकीच चांगली होती.

रविवारी बाहेर आले, तेव्हा तो खरंच गेटबाहेर, रेंजकडे पाठ करून उभा होता. हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

"काय झालं?" न वळता त्यानं विचारलं.

"निवड झाली."

"मग... आता वळू?"

"वळा," मी म्हणाले. "आता धडधडलं तरी चालतंय."