सातव्या पेवाचा कंदील

बाळाक्का मगदूम यांच्या कानामागचा पिवळा दिवा लुकलुकला की हळदीच्या माळावरच्या बायका खाली मान घालत. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

त्या काळात साठी उलटलेल्या निम्म्या माणसांच्या कानामागे स्मरणपट्टी असे. नखाएवढी चकती. जुन्या आठवणी एकदा तिच्यात उतरवून घ्यायच्या, नव्या आपोआप उतरत. विसरण्याचं दुखणं घरोघर शिरलं तेव्हा लोकांनी आधी नाकं मुरडली आणि मग रांगा लावल्या. बाळाक्कांनी चार वर्षांमागे पट्टी बसवली आणि पहिल्यांदा तिच्यात घातली ती आपल्या अकरा पेवांची कुंडली.

पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढंच. आत हळद वर्षानुवर्षं टिकते, माणूस टिकत नाही, कारण बंद पेवात श्वासाजोगा वारा उरत नाही. म्हणून तोंड उघडून दोन दिवस थांबायचं, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. बापजाद्यांचा हा कायदा पट्टीनं मोडला. कुठलं पेव कधी उघडलं ते आक्का तासासकट सांगत, आणि आक्कांनी उतरा म्हटल्यावर कंदील सोडणं म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडणं. एकदा सुनेनं, त्रिशलानं, कंदील हातात घेतला होता. आक्का म्हणाल्या, "ठेव तो. माझ्यापेक्षा वातीला जास्त कळतं व्हय?" कंदील खोपीतल्या खुंटीला गेला तो गेला.

आणि आता हा दिवा. दिवसातून चार-पाचदा लुकलुके, कानात बारीक टिक् वाजे. पट्टीची देखभाल करणारी अनुजा चौगुले हिला आक्कांनी बोलावणं धाडलं. ती आली, तिनं पट्टी तपासली, आणि ओसरीवर बसून समजावू लागली. आकाशातून डोळ्यांना न दिसणारे कण सतत पडत असतात. एखादा पट्टीत घुसला की आठवणीतली एखादी खूण उलटते, शून्याचा एक होतो. ती ओळखायला चौसष्ट खुणांमागे आठ साक्षीखुणा ठेवलेल्या असतात.

"म्हणजे लेकीच्या सासरी चौसष्ट लाडू धाडले," अनुजा म्हणाली, "आणि सोबत आठ बायका. एकेक लाडू निरनिराळ्या तिघी-चौघींच्या वाट्याला, एकेकीनं आपापल्या वाट्याचे बघायचे. वाटेत एक फुटला, तर कोण कोण ओरडल्या यावरून नेमका कुठला फुटला ते कळतं."

"आठ बायका पाठवल्यावर लाडू उरतील कशाला?" आक्का म्हणाल्या.

अनुजा हसली. बायकांचं ऐकून लाडू सारखा करणारा जो पट्टीचा मूळ प्रोग्राम, त्याला तिच्या धंद्यात कर्नल म्हणत आणि लोक कारभारी. चूक सुधारली की तो दिवा लावी आणि आपल्या नोंदवहीत लिही की आठवणींचं अमुक पान, अमुक वेळा चुकलं. एकाच पानात चुका वाढल्या की ते पान बंद करी आणि तिथल्या आठवणी धडक्या पानावर हलवी.

"आमचे कारभारी जाऊन वीस वर्षं झाली," आक्का म्हणाल्या. "त्यांनी मला कधी चारचौघांत चुकली म्हटलं न्हाई. हा कोण लागून गेला? गप कर त्याला."

अनुजाचं हसू गेलं. दिवा आणि वही एकाच वाटेनं चालत. दिवा बंद केला तर कारभारी दुरुस्त करत राहील, पण लिहिणार नाही. कुठलं पान कुजतंय ते कोणालाच कळणार नाही. वर एक गोष्ट होती, ती तिनं आवाज उतरवून सांगितली. एक चूक कारभारी सुधारतो. दोन झाल्या तर जमत नाही म्हणून कबूल करतो. एकदम तीन झाल्या तर त्याला ती बहुधा एकच चूक वाटते.

"मग?"

"मग तो भलतीच खूण बदलतो, आक्का, आणि साक्षीदार गप्प बसतात. त्याच्या लेखी ती आठवण खरी. तुमच्याही लेखी."

आक्कांनी पदर सारखा केला. "वही माझ्या डोक्यातली. बंद म्हटलं की बंद."

पट्टी ज्याची, शब्द त्याचा, असा नियमच होता. अनुजानं वही बंद केली. माळावर पुन्हा कोणी मान खाली घातली नाही.

पाच महिन्यांनी चौथं आणि सातवं, दोन्ही पेवांची तोंडं उघडी होती. आक्कांचा एकुलता लेक भूपाल दोर कमरेला बांधून विचारायला आला, कुठल्यात उतरू. आक्का म्हणाल्या, सातव्यात, ते परवा सकाळी उघडलंय. त्रिशला पुढं झाली. परवा चौथं उघडलं, सातव्याच्या तोंडावरची माती आज सकाळीच काढली, असं तिला आठवत होतं. तिनं कंदिलाचं नाव काढलं.

"तुझ्या कानामागं पट्टी हाय का गं?" आक्का म्हणाल्या. "परवा मी सोता कंदील सोडला सातव्यात. झक्क जळत होता."

भूपालनं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि उतरला. पाच हात खाली गेल्यावर दोर एकदम जड झाला. त्याला वर काढेपर्यंत फार उशीर झाला होता.

तेराव्यानंतर अनुजा आली. सातव्या पेवाची आठवण होती ते पान तिनं तीनदा तपासलं. साक्षीखुणा जुळत होत्या. चूक नाही, असंच कारभारी सांगत होता. त्रिशला उठली, खोपीतून कंदील आणून तिनं सासूपुढं ठेवला. काचेच्या आत कोळ्यानं जाळं विणलं होतं, वात चार वर्षांची कोरडी. आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. जळता कंदील त्यांना अजून दिसत होता, सातव्या पेवात खाली खाली जाणारा.

"वही चालू कर," त्या अनुजाला म्हणाल्या.

अनुजानं केली. पण वही आजपासूनच लिहिणार होती. मागचे पाच महिने कोरेच. दिवा परत लुकलुकू लागला, आणि आता तो लुकलुकला की आक्कांना बरं वाटे, निदान ती चूक तरी सापडली. ज्या आठवणीला तो लागत नसे तिथं त्या शंकेनं थांबत. एका सकाळी भाकरी थापणाऱ्या त्रिशलाजवळ येऊन बसल्या. या घरात सुनेला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"भूपालच्या हनुवटीवरचा तीळ," त्या म्हणाल्या, "कुठल्या अंगाला होता गं?"

"डाव्या," त्रिशला म्हणाली.

आक्कांनी डोळे मिटले. लेकाचा चेहरा स्पष्ट समोर आला, तीळ उजवीकडं. कानात टिक् वाजायची वाट बघत त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.