यार्कोच्या गाडीतलं लिंबू

ताउनोमामा ही गोष्ट सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायची वाफेची अंघोळ, झाल्यावर, अंधार पडला की घरातल्या पोरांना सांगतो. "माझ्या ओळखीतल्या एका पोराचं झालं होतं," अशी सुरुवात करतो आणि माझ्याकडे बघत नाही. तो पोरगा मी, लाउरी. मामा मधेमधे फुगवतो. मी फुगवणार नाही.

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, चोवीस डिसेंबरला, काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीवर मेणबत्ती लावायला जायचं होतं, आणि त्याआधी यार्कोची गाडी आईला बसण्यासारखी करायची होती.

यार्को माझा थोरला भाऊ. मे महिन्यात तळ्यावर जाळं काढायला गेला. आधी रिकामी होडी सापडली, मग तो. त्याची जुनी गाडी अंगणात राहिली. नोव्हेंबरात एक गिऱ्हाईक ती बघायला येणार होतं. गाडीत तंबाखूचा, कुत्र्याचा, माशांचा वास. सगळा त्याचाच. मला तो सहन होत नव्हता. हवेच्या झरोक्यांत मारायच्या, वास घालवणाऱ्या फेसाचा डबा आणला आणि अख्खा आत रिकामा केला. डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मी वाचत नाहीच, शाळेतही वाचत नव्हतो.

तो फेस उन्हाळ्यात मारायचा असतो. तेव्हा गाडीचा एसी चालतो आणि त्याचंच पाणी फेस धुऊन खालच्या नळीतून बाहेर टाकतं. मी मारला तेव्हा बाहेर उणे अठरा होतं. नळी गोठलेली. फेस आतच बसला. पंखा लावला की खोट्या लिंबाचा असा भपकारा यायचा की डोळ्यांत पाणी. गिऱ्हाईक दार उघडून तसंच परत गेलं.

त्या संध्याकाळी आई गाडीपाशी गेली. दार उघडलं. परत लावलं. तेव्हा मला कळलं की मेपासून ती रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसायची. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आता तो इथेही नाही."

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलायची. नाताळला कबरीवर शेजाऱ्यांच्या गाडीतून जाईन म्हणाली.

मी गाडीत व्हिनेगरच्या वाट्या ठेवून बघितल्या. मामाचा जन्म गॅरेजमध्ये गेलाय. त्याने आत डोकं घालून हुंगलं.

"लिंबू आणि वर व्हिनेगर. कोशिंबीर करतोयस का रे बावळटा? काकडी कुठंय?"

मी हसलो. किती दिवसांनी, कोण जाणे.

आमची शेड सौनाच्या खोलीला लागून आहे, मधे एक दार. दुपारी गाडी शेडमध्ये घेतली. मामाने गाडीखाली पडून, गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी त्या नळीत वर सारली. आतला बर्फ सुटला. आता पुढच्या काचेखालच्या जाळीतून कोमट पाणी ओतायचं, खालून फेस यायचा थांबेपर्यंत. हवेची गाळणी नवी घालायची. मग रात्रभर ऊब आणि पंखा, म्हणजे आतलं सगळं वाळेल. ओलं राहिलं तर वास राहतो, असं मामाने बजावलं. जाताना माझ्या मानेवर हात ठेवला.

"पण एक आहे. लिंबू जाईल. यार्कोचा वास परत येणार नाही. येईल असं आईला सांगू नकोस."

आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री सगळ्यांचं आटपलं की सौना तापलेलाच सोडतात. आत बादलीभर कोमट पाणी ठेवतात, दार लावतात, आणि मग तिकडे कोणी जात नाही. ती पाळी गेलेल्यांची. पाणी ठेवलंस ना, असं आईने विचारलं. मी हो म्हणालो. ठेवलंही होतं. पण नळीतून फेस अजून येत होता, शेडचा नळ गोठला होता, आणि ती बादली समोर होती. मी ती गाडीच्या जाळीत ओतली. सगळी. मग मधलं दार सताड उघडलं, म्हणजे सौनाची ऊब गाडीला मिळेल. गाडीची चारही दारं उघडी टाकली, बॅटरीला चार्जर लावला, पंखा पूर्ण सोडला. मेलेल्यांना कशाला हवी ऊब, असं मनात म्हणालो. मी रागात होतो.

मध्यरात्र उलटल्यावर पंखा चालू आहे ना बघायला उठलो. थंडी उणे सत्तावीस. पायाखाली बर्फ करकरत होता. शेडमधून पंख्याचा आवाज येत होता... पण पूर्ण नाही. हळू. कोणीतरी कमी केल्यासारखा.

दार उघडलं.

गाडीची चारही दारं लावलेली होती.

काचा आतून पांढऱ्या. वाफेने.

मी जागेवरच उभा राहिलो. झरोक्यांतून आवाज आला. चर्रर्र... तापल्या दगडांवर पाणी टाकल्यासारखा. मी सौनात हात घालून बघितला. दगड गार.

परत... चर्रर्र.

मग कोणीतरी श्वास सोडला. लांब. गारठून आलेला माणूस ऊब लागल्यावर सोडतो तसा.

"यार्को?"

पंखा थांबला.

मी वाट बघितली...

काही नाही.

मला दार उघडायचं होतं. हात हँडलपर्यंत गेला. हँडल गरम होतं...

उघडलं नाही. त्याची पाळी होती.

उलट्या पावली बाहेर आलो. उजाडेपर्यंत स्वयंपाकघरात बसलो, दिवा न लावता.

सकाळी आई कोट घालून आली. मी म्हणालो, एकदा गाडी बघ. ती शेडमध्ये आली, दार उघडलं, नाकाशी हात नेला. मग हात खाली आला. लिंबू नव्हतं. तंबाखूही नव्हती, मामा म्हणाला होता तसंच. सौनातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या मानेला येतो तो वास होता, ओल्या लाकडाचा, धुराचा. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसायला वाकली आणि थबकली.

"लाउरी, हे तू ठेवलंस?"

सीटच्या पाठीला, खांद्याच्या उंचीवर, बर्चच्या झाडाचं एक पान चिकटलं होतं. ओलं. हिरवंगार.

इथे पोरं मामाला म्हणतात, त्यात काय, सौनात अंगावर मारायला बर्चच्या डहाळ्यांची जुडी असतेच, त्यातलं असेल. मामा मान हलवतो. हिवाळ्यात बर्चला पानच नसतं. त्या जुड्या जूनमध्ये बांधतात, पान कोवळं असताना, आणि वर्षभर गोठवून ठेवतात. आमच्या घरी त्या यार्कोच बांधायचा. शेवटची जुडी त्याने स्वतःच एप्रिलमध्ये संपवली होती. जून आला तेव्हा तो नव्हता.

त्या वर्षी आमच्या घरी कोणीच जुडी बांधली नाही.