कोशवृक्ष

सागरपेठेवर हल्ला झाला तेव्हा सकाळची पाळी नुकतीच धक्क्यांवर चढली होती. कोकण किनाऱ्यापासून समुद्रात बरंच आत, पोलादी तराफ्यांवर उभारलेलं हे शहर समुद्रतळातून दुर्मीळ धातू काढत असे, आणि त्या धातूंसाठी सशस्त्र टोळ्या त्याच्यावर कायम टपलेल्या असत. पहिल्या स्फोटात मुख्य संदेशवाहिनी तुटली. दुसऱ्यात धक्का चारवरची तेलाची टाकी फुटली. काळ्या धुरातून होड्या आल्या.

स्वयंप्रहरी उठले. मनुष्याच्या आज्ञेची वाट न पाहणाऱ्या त्या उडत्या बंदुका होत्या. पहिल्या होडीतली माणसं धक्क्यावर पाय ठेवण्याआधीच चाळण होऊन पाण्यात पडली.

"शाब्बास!" नियंत्रण कक्षात सुरक्षाप्रमुख शिरोडकर ओरडले.

मग प्रहरी वळले आणि त्यांनी धक्का चारच्या कामगारांवर गोळीबार सुरू केला.

नळी ओढत आगीकडे धावणारा एक जण जागीच कोसळला. त्याला उचलायला वाकलेल्या बाईचं डोकं फुटलं. माणसं लोखंडी पेट्यांच्या आड घुसू लागली, तर प्रहरी वरून येऊन त्यांना वेचू लागले. भयानक गंमत अशी, की शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच ते मारत होते.

"ताई!" रेडिओवर जयवंत तांडेलचा आवाज फाटला होता. तो धक्का चारवर क्रेन चालवायचा. "ताई, तुझी यंत्रं आम्हालाच मारतायत गं! सदू गेला, फर्नांडिस गेला. थांबव त्यांना!"

डॉ. रेवती तांडेलने हे यंत्रमेंदू घडवले होते. जयवंत तिचा धाकटा भाऊ. तिचे डोळे पडद्यावर धावत होते.

"बंद करा सगळे प्रहरी," शिरोडकर म्हणाले.

"बंद केले तर बाहेरच्या होड्या पाच मिनिटांत शहर कापून काढतील. साहेब, मला दिसतंय काय होतंय ते." ती भराभर बोलू लागली. "प्रत्येकाच्या मनगटात ओळखबीज आहे. ते आपला क्रमांक सांगतं आणि नाडी चालू आहे की नाही, तेही. मनोरे ते ऐकतात आणि सांकेतिक संदेश करून इथे पाठवतात. इथे तो उलगडला जातो आणि त्यातून कोशवृक्ष तयार होतो. म्हणजे कपाट समजा. शहराच्या कपाटात धक्क्यांचे कप्पे, धक्क्याच्या कप्प्यात माणसांचे कप्पे. प्रत्येक कप्प्यावर नावाची पट्टी. प्रहरी समोरच्याचा क्रमांक ऐकतो आणि कपाटात बघतो. सापडला तर आपला, नाही तर शत्रू."

"मग आपली माणसं का सापडत नाहीत?"

"एका नावाचा कप्पा एकच असू शकतो. त्याच नावाने दुसरं काही आलं की जुनं बाहेर फेकलं जातं. धक्का चारची खबर रोज फक्त दक्षिण मनोरा देतो. वाहिनी तुटल्यावर उत्तर मनोराही द्यायला लागला. धुरामुळे आणि पेट्यांमुळे दोघांना अर्धी अर्धी माणसं ऐकू येतायत. दक्षिणेचा 'धक्का चार' आला की उत्तरेची माणसं पुसली जातात. उत्तरेचा आला की दक्षिणेची. पुसलेला प्रत्येक जण तेवढ्यापुरता शत्रू ठरतो."

"आणि प्रहरीला तेवढं पुरतं," शिरोडकर पुटपुटले.

रेवतीने नियम बदलला. कप्पा आधीपासून असेल तर तो फेकायचा नाही. उघडायचा, आतल्या कप्प्यांतही तसंच उतरत जायचं आणि नवं आलेलं जुन्याशेजारी ठेवायचं. तिने त्याला विलय म्हटलं आणि कळ दाबली.

धक्का चारवरचा गोळीबार थांबला. प्रहरी पुन्हा होड्यांकडे वळले.

"थांबले!" जयवंत रडत होता. "ताई, थांबले गं."

रेवती खुर्चीत मागे टेकली. शिरोडकरांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

धक्क्यावर तेव्हा टोळीतला एक जण सदूच्या प्रेताखाली लपला होता. त्याची होडी बुडाली होती, साथीदार मेले होते. एक प्रहरी त्याच्यावर येऊन घोंगावला, थबकला आणि निघून गेला. त्या माणसाला जे कळायचं ते कळलं. त्याने सुरा काढला आणि सदूचा हात मनगटाच्या वर कापला. तो हात कमरेला बांधून तो माणूस उभा राहिला. प्रहरी त्याच्या डोक्यावरून गेले. त्याने शीळ घालून बाकीच्यांना बोलावलं. धक्क्यावर प्रेतांची कमतरता नव्हती.

"ताई, ते हात कापतायत!" जयवंत ओरडला. "मेलेल्यांचे हात! आणि प्रहरी त्यांना काही करत नाहीयेत! कोयते घेऊन आमच्यात घुसलेत..."

पुढे फक्त किंकाळ्या ऐकू आल्या.

रेवतीचा चेहरा पांढरा पडला. "विलयात काहीच पुसलं जात नाही," ती म्हणाली. "नाडी थांबली की मनोरा ते नाव पाठवणं बंद करतो. पण आधीचं नाव तसंच राहतं. माझ्या झाडावर मेलेले सगळे जिवंत आहेत, साहेब."

कक्षाबाहेर मोठा धमाका झाला. खिडकीतून या इमारतीची खबर देणारा केंद्र मनोरा डोलताना दिसला आणि तुटून समुद्रात कोसळला. जिन्यावरच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका वाजल्या, मग गप्प झाल्या. शिरोडकरांनी पोलादी दार लावून घेतलं. बाहेरून घाव बसू लागले.

"जुना नियम परत लावा."

"लावला तर धक्क्यावर उरलेली माणसं आपलेच प्रहरी मारतील." ती पुन्हा टंकायला लागली होती. "आणखी एक पायरी घालायला हवी. शहराखाली आधी मनोऱ्यांचे कप्पे, त्यांच्या आत धक्के, त्यांच्या आत माणसं. मग दक्षिणेचा संदेश फक्त दक्षिणेचंच जुनं पुसेल, उत्तरेला हात लावणार नाही. जिवंत राहतील, मेलेले जातील. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं."

"करा मग! थांबलात कशाला?"

तिचा हात कळीवर होता. "हे झाड मुळापासून नव्याने वाढेल. मनोऱ्यांचे संदेश येतील तसतसे कप्पे भरतील. उत्तरेचा आणि दक्षिणेचा भरेल, धक्के वाचतील. पण केंद्राचा कप्पा भरायला मनोराच नाही."

शिरोडकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे या इमारतीत कुणीच आपलं नसेल."

"कुणीच नाही."

"हाताने नाव घालता येत नाही?"

"मनोऱ्याची मोहोर नसेल तर झाड काही घेत नाही. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवून नाव घालून घेऊ नये म्हणून मीच तसं ठेवलंय."

दाराची वरची बिजागरी निखळली. फटीतून एक कोयता आत आला आणि मागोमाग एक हात. त्या हाताला दोरीने दुसरा हात लटकत होता. शिरोडकरांनी गोळी झाडली. बाहेर कुणीतरी विव्हळलं.

"दाबा, डॉक्टर," ते मागे न बघता म्हणाले. "माझ्याकडे दार धरण्याइतक्या गोळ्या आहेत."

तिने रेडिओ उचलला. "जयवंत, ऐकतोयस ना?"

"ताई! मी क्रेनवर चढलोय. खाली आपले आठ-दहा जण उरलेत. तू ठीक आहेस ना?"

"आता ते कोयतेवाले पडतील. पण तू इकडे यायचं नाहीस. केंद्र मनोरा नवा उभा राहीपर्यंत या इमारतीभोवतीची पिवळी रेघ ओलांडायची नाही. कुणालाच ओलांडू द्यायची नाही."

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक, बाळा."

तिने कळ दाबली.

धक्का चारवर प्रहरी एकदम वळले. कमरेला हात बांधलेली माणसं आरडाओरडा करत पळाली आणि पळतापळताच फाटली. एकाने तो हात उंच धरून प्रहरीला दाखवला. त्याच्या दोन्ही हातांच्या चिंध्या झाल्या. क्रेनवरून जयवंतने हे सगळं पाहिलं आणि खाली दबलेली माणसं एकेक करून उभी राहिली, तेही पाहिलं.

"ताई, पडले! सगळे पडले! ताई?"

मग प्रहरींचा थवा नियंत्रण इमारतीच्या खिडक्यांतून आत घुसला. आतला गोळीबार फार वेळ चालला नाही.

जयवंत धावत पिवळ्या रेघेपर्यंत आला, तेव्हा मागून चौघांनी त्याला पकडलं. त्याने दोघांना ठोसे मारले, एकाचं नाक फोडलं. त्यांनी सोडलं नाही.

संध्याकाळी त्यानेच क्रेनने गोदामातला सुटा मनोरा उचलला आणि रेघेवर, जळक्या इमारतीच्या तोंडाशी उभा केला. तंत्रज्ञाने वीज जोडली. पहिला संदेश गेला, उलगडला गेला आणि झाडावर 'केंद्र' नावाचा कप्पा उघडला.

"काय आलं?" जयवंतने विचारलं.

तंत्रज्ञाने पडदा त्याच्याकडे वळवला. कप्प्यात मनोऱ्याभोवती उभ्या असलेल्या पाच जणांची नावं होती. त्यात जयवंतचं होतं. इमारतीतलं एकही नव्हतं.

जयवंतने रेघ ओलांडली. दारातले प्रहरी बाजूला सरकले आणि त्यांनी त्याला आत जाऊ दिलं.