घोट्यावरची निरगाठ

मृतदेह पाण्याखाली उभा होता.

सार्जंट ग्वेन पास्कोनं पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच पाहिलं होतं, आणि तेही याच वर्रिन नदीत. प्रवाहात आडवा पडलेला विलो वृक्ष आणि त्याच्या फांद्यांतून सुसाट धावणारं पाणी. चाळणीतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

फांदीच्या एका बाजूला नदीत तरंगत जायची काळी रबरी ट्यूब थडथडत होती, दुसऱ्या बाजूला तरुण. मध्ये हिरवी नायलॉनची दोरी. तिचं एक टोक ट्यूबला, दुसरं त्याच्या डाव्या घोट्याला.

"दोरी नसती तर?" ग्वेननं विचारलं.

"फांदीला धरून वर आला असता," बचाव पथकातला डेस म्हणाला. "ओरबाडला असता, एवढंच. वाहत्या नदीत ट्यूबला पाय बांधायचा म्हणजे आपल्याच गळ्यात फास अडकवायचा."

गाठ त्यानं कापली नाही, ग्वेननं कापू दिली नाही. दोन फेरे आणि वर घट्ट निरगाठ. सुरगाठ असती तर एका हिसक्यात सुटली असती.

तरुणाचं नाव कोरी हेग, वय अठ्ठावीस, राहणार मेलबर्न. त्याचा उजवा हात बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि त्यावर पिशवी गुंडाळलेली होती.

त्याची होणारी बायको सिमोन खालच्या पुलाजवळ टॉवेल घेऊन बसली होती. दहा वाजल्यापासून ती तिथून हलली नव्हती. पुलावरच्या वीस जणांनी तिला पाहिलं होतं.

"तू का नाही उतरलीस पाण्यात?"

"मला पाण्याची भीती वाटते. आणि तो म्हणाला, वरच्या पुलावरून मला एकट्यालाच जायचंय."

"हात कधी मोडला?"

"गेल्या आठवड्यात. शर्टाची बटणंसुद्धा मीच लावत होते."

"सोबत दोरी होती?"

"नव्हती हो. नुसती फुलं होती. मला वाटलं, माझ्यासाठी घेतलीत." ती टॉवेलात तोंड लपवून रडू लागली.

बर्न टलीच्या शेडबाहेर ट्यूबांची रास लागली होती. एकसष्ट वर्षांची बर्न ट्यूब भाड्यानं द्यायची आणि आपल्या पिकअपमधून लोकांना नदीवर सोडायची. दारावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'स्वतःला ट्यूबला बांधू नका.' सहा वर्षांपूर्वी तिची एकुलती एक मुलगी कीली मित्रांबरोबर नदीत उतरली, चौघांनी ट्यूबा एकमेकींना बांधल्या, त्या ओंडक्यात अडकल्या. तिघं वाचले. 'दोरी तुटली,' असं अहवालात ग्वेननंच लिहिलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी दोघी एकत्र चहा घेत.

"कोरी कीलीबरोबर होता ना गं तेव्हा?"

"होता."

"आज किती गट सोडलेस?"

"अकरा. खालच्या धक्क्यावरून."

"सगळे?"

बर्ननं हात पुसले. "तो सोडून. त्याला वरूनच जायचं होतं."

"विलो कधी पडला?"

"मला काय माहीत? आज कुठं फिरले मी पाण्यावर!"

"आणि दोरी?"

"बांधली असेल त्यानंच. पोरं ऐकतात होय आपलं?"

ग्वेन गाडी घेऊन वरच्या पुलावर गेली. कठड्याला पांढरी फुलं होती. हिरव्या दोरीनं बांधलेली. दोन फेरे, वर निरगाठ. तिनं खिशातून बुटाची नाडी काढली आणि डाव्या हातानं कठड्याला तशी गाठ मारून पाहिली. तीनदा पाहिली. जमेना.

पाच वाजता ती शेडवर परतली. शेवटचा गट गेला होता. बर्न ट्यूबांतली हवा सोडत होती.

"बर्न, एका हातानं ती गाठ बसत नाही. फुलांची नाही आणि घोट्याचीही नाही. दोन्ही एकाच दोरीच्या, एकाच माणसाच्या. वर त्याच्यासोबत तूच होतीस. आणि विलो पडलाय हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर आज अकराच्या अकरा गट तू विलोच्या पुढे, खालच्या धक्क्यावरून सोडलेस."

बर्ननं गुडघ्यानं दाबून ट्यूबमधली उरलेली हवा काढली.

"त्यालाही खालीच सोडणार होते," बर्न म्हणाली. "आधी फुलं वाहतो म्हणाला. त्याला बांधता येईनात, मी बांधून दिली. मग रडायला लागला. म्हणाला, ट्यूबा मीच बांधल्या होत्या, कीली नको म्हणत होती. आणि अडकल्यावर... चाकू माझ्याकडे होता. मी माझी दोरी कापली आणि निघालो. तिची कापायला थांबलो नाही."

"मग?"

"मग काय! दोरी उरली होती हातात. म्हटलं, एका हातानं ट्यूब धरवायची नाही तुला, पाय दे इकडं." तिनं रिकामी ट्यूब राशीवर टाकली. "त्यानं पाय पुढे केला, ग्वेन. थँक्यू म्हणाला मला."

ग्वेन खाली एका ट्यूबवर बसली. पुढचं न बोलताही चाललं असतं. बर्ननं सगळं कबूल केलं होतं.

"मला माहीत होतं," ग्वेन म्हणाली.

"काय?"

"दोरी तुटली नव्हती. तेव्हा टोक पाहिलं होतं मी, सुरीनं कापल्यासारखं साफ. तुला आणखी त्रास नको म्हणून 'तुटली' लिहिलं. कुणी कापली ते विचारलंसुद्धा नाही त्या पोरांना."

बर्न तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी.

"तेव्हाच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तेव्हा मी नुसती रडले असते."